कच्चेपणाची साधना

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, सावरगावी, मायंबाच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. शेजारच्या पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथांचा गड आहे. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव ही परंपरा या भागाला तोंडपाठ आहे. ती चालली गुरू आणि शिष्य या नात्यावर, जन्मावर नव्हे. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव सख्खे भाऊ, पण परंपरेत त्यांचे नाते सांगितले जाते ते गुरुशिष्याचेच. म्हणून पुढचा प्रश्न याच मातीत उभा राहून विचारावासा वाटतो. लोकरीचे विणकाम किंवा पॉलिमर क्लेचे दागिने यांसारखे काम घराण्यातून आलेले नसते आणि बहुधा त्यावाचून काही अडतही नसते. असे काम मोठ्या वयात नव्याने शिकण्याला काही धार्मिक अर्थ आहे, की तो निव्वळ विरंगुळा? माझे उत्तर स्पष्ट आहे. त्याला अर्थ आहे, आणि तो कौशल्यापेक्षाही पुन्हा शिकाऊ होण्यात आहे.

वारकरी संतांचे दाखले देताना आपण एक घाई करतो. तेरचे गोरोबा कुंभार होते, अरणचे सावतोबा माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार. त्यांना आपापल्या कामातच विठ्ठल सापडला, हे खरे. त्यावरून आपण लगेच असे ठरवतो की ज्याने त्याने वाडवडिलांचे काम करावे. पण याच संतांची सर्वांना ठाऊक असलेली कथा वेगळे सांगते. गोरोबांच्या घरी संत जमले आणि गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून, मडकी पारखावीत तसे सर्वांना पारखले. त्यात नामदेव कच्चे ठरले. विठ्ठलाचा लाडका म्हणून मान्यता पावलेल्या भक्ताला एका कुंभाराने, कुंभाराच्याच कसोटीवर, अपुरे ठरवले. नामदेवांना ते लागले, पण ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. कथेचा कस इथे आहे. परमार्थाची वाट पिढीजात कसबातून नव्हे, तर आपण कच्चे आहोत हे मान्य करण्यातून पुढे गेली.

हातकामाइतके हे मान्य करायला लावणारे दुसरे काही क्वचितच असेल. विचारातली चूक शब्दांनी झाकता येते, विणीतली झाकता येत नाही. सगळ्या नक्ष्या सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर उभ्या असतात, आणि एक टाका सुटला की तो ओळीमागून ओळ खाली उतरत जातो. वेळीच उचलून घेतला नाही तर उसवावे लागते, मात्र उसवलेली लोकर पुन्हा सुईवर घेता येते. पॉलिमर क्लेची शिस्त याच्या उलट आहे. ही खरी माती नव्हे. पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य यांचा तो गोळा असतो, आणि भट्टीवाचून, साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला, घरच्या ओव्हनमध्ये तो पक्का होतो. कमी भाजला तर ठिसूळ राहतो, जास्त भाजला तर करपतो, आणि एकदा पक्का झाला की पुन्हा मळता येत नाही. एक कला चूक सुधारण्याची मुभा देते, दुसरी कृतीचा परिणाम पत्करायला लावते. कर्माविषयी शिकण्यासारख्या या दोन्ही गोष्टी प्रवचनात ऐकता येतात, पण अंगवळणी पडतात त्या हातांतून.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी सांगितले की बाहेरच्या कर्माला चित्ताची जोड मिळाली पाहिजे, त्या जोडीला त्यांनी विकर्म म्हटले. ती जोड तुटली तर काय होते, हेही गोरोबांच्याच चरित्रकथेत आहे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली गेले. ही कथा भक्तीचा कळस म्हणून सांगितली जाते. मला ती इशाराही वाटते, कारण तिथे नाम होते आणि काम होते, पण चित्त त्या चिखलात नव्हते. पुढे गोरोबांचे हात तुटतात आणि शेवटी कीर्तनात परत येतात. हात नसलेल्या संतावर ही कथा संपत नाही.

पहिला आक्षेप शास्त्राचा आहे. परधर्म कितीही सुकर असला तरी स्वधर्मच बरा, असे गीता सांगते. मग दुसऱ्याची कला कशाला शिकायची? पण स्वधर्म म्हणजे जातीचा धंदा असे मानले, तर डॉ. आंबेडकरांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये केलेला आरोप मान्य करावा लागतो. जात ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. संतांनी कामाला प्रतिष्ठा दिली, पण काम बदलण्याची मोकळीक समाजाने दिली नाही. 2023च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतही 18 पारंपरिक व्यवसायच आहेत. त्यांतल्या कारागिरांना आधार मिळणे न्याय्यच आहे. तरी नव्याने शिकणाऱ्या हाताची गोष्ट वेगळी आहे. ज्याच्या घरात कुणी कधी सुई धरली नाही तो सुई धरतो, तेव्हा काम आणि कूळ यांची गाठ एका टाक्याने तरी सुटते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आष्टीतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला साखर कारखान्यांच्या फडावर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मजुरी टनावर मिळते. अशा फडावरच्या बाईला विणकामातले अध्यात्म सांगणे क्रूर नाही का? तिला वेळ न देता सांगितले, तर नक्कीच क्रूर आहे. पण या आक्षेपाने दोषी ठरते ती तिचा प्रत्येक तास विकत घेणारी व्यवस्था. ऊस तोडण्यातही मोठे कसब आहे, फक्त ते टनात मोजले गेल्याने तिचे राहत नाही. चुकण्याची, उसवण्याची, स्वतःसाठी काही घडवण्याची सवड ही चैन नसून माणूसपणाचा हक्क आहे. विकून चार पैसे मिळाले तर उत्तमच, त्याने साधना बाटत नाही. सावतोबांनीही भाजी पिकवली ती लोकांच्या ताटासाठीच. नगावर मजुरी ठरवून घाईने करून घेतलेले विणकाम मात्र फडावरच्या कामापेक्षा वेगळे नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप वस्तूचा आहे: प्लॅस्टिकच्या गोळ्यात कसले पावित्र्य? ही माती मातीत मिसळत नाही, हे नाकारता येणार नाही. म्हणून कमी करावे, टिकेल असे करावे आणि जिथे कुंभाराची माती चालते तिथे तीच घ्यावी. पण पावित्र्य द्रव्यात शोधायला लागलो, तर सोवळ्या-ओवळ्याच्या जुन्याच वाटेवर परत जाऊ.

म्हणून आष्टीच्या बचत गटांना, शाळांना आणि सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. कीर्तनाला जसा वेळ राखून ठेवता, तसा एखादी नवी कला शिकण्यासाठीही राखून ठेवा. पुरुषांनाही तिथे बसवा. शिकवायला ज्याला येते त्याला बसवा, मग तो कुठल्याही घरातला असो. आणि पहिली वीण वाकडी आली तर हसू नका, कारण शिकणारा माणूस त्या क्षणी नामदेवांच्या वाटेवर असतो.