पक्षकारावाचून काम

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या परिचयाचे एक छायाचित्रकार आहेत. लग्नसराईत त्यांस क्षणाची उसंत नसते. अंतरपाट, सप्तपदी, वरातीचा घोडा, पंगतीतले व्याही. वर्षानुवर्षे चित्रे तीच, माणसे तेवढी निराळी. गेल्या माघात एका मुहूर्ताचे काम त्यांनी नाकारले. त्याच दिवशी शेजारच्या आळीतील एक जुना वाडा पाडावयाचा होता, आणि त्याच्या दिंडीदरवाज्याची व खांबांवरील नक्षीची चित्रे त्यांना घ्यावयाची होती. ही चित्रे कोणी मागितली नव्हती, त्यांचे मोल कोणी देणार नव्हते. घरात अर्थातच कुरबुर झाली. मुलीच्या शिक्षणाच्या हप्त्याचा विषय निघाला. ते आमच्याकडे आले ते सल्ल्यासाठी नव्हे. परंतु वकिलापुढे मन मोकळे केले की निवाडाही मिळावा, अशी माणसाची अपेक्षा असतेच. त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, हा माझा हक्क म्हणावा की अपराध?"

त्या दिवशी आम्ही उत्तर टाळले. येथे ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

वकिली आणि छायाचित्रण हे दोन्ही व्यवसाय परक्याच्या इच्छेवर चालतात. पक्षकार वकालतनाम्यावर सही करतो आणि आम्ही त्याची बाजू आमची म्हणून मांडतो. छायाचित्रकारही ग्राहकाला जसे दिसावेसे वाटते तसे त्याला दाखवितो. यात हीन काही नाही. दुसऱ्याच्या गरजेला उपयोगी पडणे ही प्रतिष्ठेचीच गोष्ट आहे. तथापि वीस वर्षे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्यावर स्वतःच्या डोळ्यांचे काय होते, हा प्रश्न उरतो. आमच्यापुरते सांगावयाचे तर, एखाद्या प्रकरणात आमचे स्वतःचे मत काय, असे कोणी अचानक विचारले, तर हल्ली आम्ही क्षणभर गडबडतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, कारागिराने अधूनमधून आपल्या आवडीचे काम करावे, म्हणजे मन ताजे होते व नित्याच्या कामालाही नवी पालवी फुटते. शेतकरी पिकाची फेरपालट करतो, तसेच हे. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. स्वतःच्या कामाचे समर्थन जर मोलाच्या कामाला होणाऱ्या लाभावर उभे असेल, तर ज्या दिवशी तो लाभ होणार नाही त्या दिवशी ते समर्थनही कोसळेल.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा वडोदऱ्याशी जवळचा संबंध होता. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे निघालेल्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले. पुढे याच शहरात त्यांनी तो धंदा मांडला; परंतु फोटो काढल्याने माणसाची शक्ती जाते अशा समजुतीमुळे तो चालला नाही, असे सांगतात. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छापखाना, मग भागीदारांशी मतभेद. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चलच्चित्र पाहिल्यावर त्यांनी जो ध्यास घेतला तो कोणा गिऱ्हाइकाच्या मागणीवरून नव्हे. रात्रंदिवस चालविलेल्या त्या अभ्यासापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे महिनाभराहून अधिक काळ चित्रण केले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवून वर चढू लागे. धनिकांची खात्री पटावी हा हेतू त्यात होता. पण एवढा धीर केवळ हिशेबातून येत नाही. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. फाळके ताजेतवाने होऊन छापखान्यात परतले नाहीत. स्वतःच्या कामाने त्यांचा जुना धंदा गिळून टाकला. विसाव्याचे तत्त्व येथे लागू पडत नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ज्योती भट्ट हे मूळचे भावनगरचे. ते वडोदऱ्याच्या ललितकला विद्याशाखेत बेंद्रे व सुब्रमण्यन् यांचे विद्यार्थी होते, आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. चित्र आणि मुद्राचित्र हे त्यांचे क्षेत्र. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका चर्चासत्रासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे काढून द्यावीत, असे त्यांस सांगण्यात आले. म्हणजे आरंभी हे काम दुसऱ्याचेच. चर्चासत्र संपले, पण काम संपले नाही. भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, अंगावरचे गोंदण यांच्या शोधात ते वर्षानुवर्षे खेडोपाडी हिंडत राहिले. २०१९ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु ती मिळेल या आशेने कोणी चाळीस-पन्नास वर्षे हिंडत नाही.

तेव्हा सीमारेषा मोबदल्याजवळ नाही. मागणीने आलेले काम आपले होऊ शकते, आणि फावल्या वेळी केलेले कामही दुसऱ्याच्या वाहवेची चाकरी ठरू शकते. कोठे उभे राहावे आणि काय पाहावे हे ज्या कामात आपणच ठरवितो, व चुकल्यास दोष देण्यास दुसरा कोणी नसतो, ते काम आपले. अशा कामावाचून माणूस स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी घेण्यास विसरतो. आमच्या मते हे कर्तव्याचे आहे, चैनीचे नाही.

पण कर्तव्य म्हटले की खर्चाचा प्रश्न येतो, आणि तो नेहमी टाळला जातो. फाळक्यांच्या ध्यासासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्यांनीच केले. त्या कामात त्या स्वतः सहभागी होत्या, म्हणून तो त्याग आपल्याला बोचत नाही. ज्या घरात पत्नीला विचारलेलेच नसते, तेथे कलावंताचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या नकळत काढलेल्या कर्जावर चालते. तीच गोष्ट चित्रातील माणसाची. लग्नातील वराने स्वतः पैसे देऊन फोटोग्राफर बोलाविलेला असतो. ओसरी सारवणाऱ्या बाईने कोणास बोलाविलेले नसते. जेथे करार नाही तेथे जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. कारण दुसऱ्या बाजूची राखण करणारे तेथे आपल्या सद्सद्विवेकावाचून कोणी नसते.

आता निवाडा. आमच्या स्नेह्यांनी घेतलेले काम मोडले नाही, वेळीच नकार दिला. वाडामालकाची परवानगी घेतली होती. येथवर त्यांचा हक्क आम्ही मान्य करतो. मात्र ज्या मिळकतीवर मुलीचा हप्ता अवलंबून होता, ती सोडताना घरात शब्द टाकला नाही, एवढा दोष त्यांच्याकडे राहतो. दावा अंशतः मंजूर.

हे त्यांस सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरे सांगू का? ती चित्रे मी अजून घरी दाखविलीच नाहीत." वाड्याच्या जागी आता नुसते मैदान आहे. त्याची चित्रे तरी घरच्यांनी प्रथम पाहावीत, एवढेच आम्ही त्यांस सुचविले. ते घेऊन गेले.