दोन चेहरे, चार भूमिका

नटाच्या कामाला आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात. १९९७ साली आलेल्या, जॉन वू यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘फेस/ऑफ’ या अमेरिकी चित्रपटाने या शब्दाचंच कथानक केलं. शॉन आर्चर हा एफबीआयचा अधिकारी. कॅस्टर ट्रॉय या गुन्हेगाराने त्याच्यावर झाडलेली गोळी त्याच्या पुढ्यात बसलेल्या लहानग्या मुलाचा जीव घेते. सहा वर्षांनी कॅस्टर बेशुद्धावस्थेत हाती लागतो. त्याने पेरलेल्या बॉम्बचा ठावठिकाणा काढण्यासाठी आर्चर शस्त्रक्रियेने त्याचाच चेहरा लावून घेतो. इकडे शुद्धीवर आलेला कॅस्टर आर्चरचा चेहरा बळकावतो. म्हणजे जॉन ट्रॅव्होल्टाने आधी आर्चर करायचा, मग कॅस्टर. निकोलस केजने नेमकं उलट.

या दोघांच्या अभिनयावर ‘ओव्हरअ‍ॅक्टिंग’चा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. संयत अभिनय तो चांगला आणि आवाज चढला की कस उतरला, अशी एक समजूत आपल्या रसिकतेत मुरली आहे. मला ती चुकीची वाटते. या चित्रपटातला भडकपणा विचारपूर्वक योजलेला आहे, आणि तो काढून टाकला तर चित्रपट समजणारच नाही.

कारण साधं आहे. चेहरे बदलल्यावर प्रेक्षकाने माणूस ओळखायचा कशावरून? चालण्यावरून, हसण्यावरून, नजरेवरून. त्या खुणा आधी ठळक गिरवलेल्या असतील, तरच त्या दुसऱ्या देहात सापडतील. म्हणून सुरुवातीच्या थोड्याच वेळात केज कॅस्टरच्या खुणांची पेरणी करतो. पाद्र्याच्या झग्यात बॉम्ब लावून झाल्यावर तो गाणाऱ्या मुलींच्या घोळक्यात शिरून बेभान नाचतो. पुढे विमानतळावर तो धाकट्या भावापुढे, पोलक्सपुढे वाकतो आणि त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधतो. क्रूर माणसाची ही एवढीशी माया आपण लक्षात ठेवतो. ट्रॅव्होल्टाचा आर्चर तेव्हा आखडलेला, ओठ मिटलेला, मुलाच्या दुःखाने आतून गोठलेला असतो.

अदलाबदलीनंतर दोघांच्या वाट्याला सारखं काम येत नाही, आणि तिथे खरी गंमत सुरू होते. कॅस्टरला आर्चरचं आयुष्य म्हणजे मिळालेली मोकळीक. ट्रॅव्होल्टा ते चवीने जगतो. ज्या घरात सहा वर्षं हसू नव्हतं तिथे हा तोतया बायकोशी प्रेमाने वागतो, मुलीला सुरा चालवायला शिकवतो. खऱ्या नवऱ्यापेक्षा खोटा नवरा घरात जास्त जिवंत वाटतो, हे पाहताना आपण अस्वस्थ होतो. आर्चरच्या वाट्याला मात्र ओझं येतं. कॅस्टरच्या चेहऱ्याने तुरुंगात जगायचं तर त्याला आपल्या मुलाच्या खुन्यासारखं वागावं लागतं. तिथल्या मारामारीत केज कॅस्टरच्या थाटात ओरडतो, हसतो, आणि त्या हसण्यातच डोळे रडू लागतात. केज आर्चर करतो आहे, आर्चर कॅस्टर करतो आहे, आणि ते सोंग आर्चरलाच असह्य होतं आहे, असे तीन थर एका चेहऱ्यावर दिसतात. ‘लीव्हिंग लास व्हेगास’मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेल्या या नटाने इथे केलेलं काम त्याहून उणं आहे, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात प्रभाकर पणशीकर एकाच भामट्याची पाच सोंगं उभी करत. तिथे देह एक, रूपं अनेक. इथे माणूस एक आणि देह दोन. त्यामुळे नटाला एकट्याने जिंकता येत नाही. आपली भूमिका दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते आणि त्याची तितक्याच विश्वासाने उचलावी लागते.

या दोन उसळत्या अभिनयांना तोलून धरते ती आर्चरच्या पत्नीच्या, ईव्हच्या भूमिकेतली जोन अ‍ॅलन. खुन्याचा चेहरा घेऊन आलेला माणूस तिला त्यांच्या पहिल्या भेटीची आठवण सांगतो, तेव्हा भीती, शंका आणि ओळख तिच्या चेहऱ्यावर आवाज न करता एकामागून एक येतात. तिथे संयम हवा होता, तिने तो दिला. अभिनयाची पट्टी प्रसंगाने ठरवावी, रूढीने नव्हे.

चित्रपट सगळीकडे हा तोल राखत नाही. शेवटच्या बोटींच्या पाठलागात नटांना करण्यासारखं फार काही उरत नाही. पण वू हाँगकाँगहून आले होते. ‘अ बेटर टुमारो’ आणि ‘द किलर’मध्ये त्यांनी बंदुकीचा धूर आणि डोळ्यांतलं पाणी एकाच चौकटीत मांडलं होतं. मोठ्या भावनेची त्यांना लाज वाटत नाही, आणि त्यांच्या नटांनाही नाही.

पोलक्स मरतो तेव्हा याचा पुरावा मिळतो. ट्रॅव्होल्टा त्याच्या प्रेताजवळ गुडघे टेकतो आणि बुटाची नाडी बांधतो. चेहरा पोलीस अधिकाऱ्याचा, बोटं मात्र भावाची. ही लकब केजने पेरली होती. तिचं दुःख ट्रॅव्होल्टाच्या हातात उमललं. एका नटाची खूण दुसऱ्याच्या हातात जिवंत होणं, याहून वेगळा परकायाप्रवेश कोणता असतो?