मामाची मांडी आणि मुंजीनंतरची रिकामी वर्षं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याचं निरूपण लिहायची पाळी माझी. खरं तर नामस्मरणावर लिहायचं ठरवलं होतं, अर्धं लिहूनही झालं होतं. पण मागच्या महिन्यात आपल्या एका ताईंच्या नातवाच्या उष्टावणाला गेले आणि तिथून हा विषय डोक्यात शिरला, तो निघेचना. म्हणून नामस्मरण पुढच्या वेळी.

पाटाभोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत खीर, तिच्यात बुडवायला सोन्याची अंगठी, सगळी तयारी झाली होती. फक्त मामा टोरांटोला. मोबाइल पाटासमोर टेकवून ठेवला होता, त्यावर मामाचा चेहरा. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, बिचारा डोळे चोळत बसला होता. पण घास भरवणार कोण? व्हिडिओ कॉलवरून खीर काही भरवता येत नाही. शेवटी आजीनं शेजारच्या मुलाला हाक मारली. हिंदी बोलणाऱ्या घरातला, बी.कॉम.ला असलेला पोरगा. आजी म्हणाली, “तू याच्या आईला दीदी म्हणतोस ना? मग आज तूच मामा.” त्यानं हात धुतले, मांडी घालून बसला, बाळाला मांडीवर घेतलं आणि थरथरत्या हातानं खीर चाटवली. आता ताई सांगतात, तो रोज कॉलेजला जाताना खिडकीतून ‘भानजा कैसा है’ विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

सगळे बाळाकडे बघत होते, मी मात्र बाळाच्या आईबाबांकडे बघत होते. ती दोघं बाजूला उभी होती. मूल त्यांचं, पण या क्षणी काम दुसऱ्याचं. मग मी मनातल्या मनात एकेक आठवत गेले. बारशाला नाव ठेवते आत्या. बाळाच्या कानात कुर्र्र करते ती, आणि बायका पाठीत धपाटे घालतात तेही तिच्याच. जावळ काढायचं मामाच्या मांडीवर. बोरन्हाणाला तर शेजारची पोरंच लागतात, कारण चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हलवा हे सगळं डोक्यावरून ओतायचं ते लुटायला कुणी नसेल तर त्या न्हाणाला अर्थ काय? मुंजीत मातृभोजन आईचं, पण त्याच पंगतीत अष्टवर्गाला आठ बटू बसतात, आणि भिक्षावळीत बटू अख्ख्या मांडवासमोर झोळी पसरतो. ज्या घरांत मुंज नसते तिथेही हेच दिसतं. वारकरी घरात माळ घालायची ती गुरूच्या हातून.

आपल्या पूर्वजांनी मुलाच्या वाढीचा एकही टप्पा फक्त आईबापांच्या हातात ठेवलेला नाही. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कुणाचा तरी हात मुद्दाम घातला आहे. आपण त्याला मान म्हणतो, मामाचा मान, आत्याचा मान. पण मान म्हणजे नुसता आहेर आणि साडी नव्हे. ती जबाबदारी आहे. एकदा घास भरवला की ‘हे मूल जेवलं का’ हे विचारायचं काम तुमच्याकडे आलं.

यातलं शास्त्रही पाहा. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला. आज डॉक्टरही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न असंच सांगतात. (जाता जाता, मोबाइल दाखवत भरवणाऱ्या आयांसाठी आणि आज्यांसाठीसुद्धा: बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको म्हणतात. सूट देतात ती एकच, नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल. म्हणजे टोरांटोचा मामा चालेल, कार्टून नाही.)

भागवतात तर हे पानोपानी आहे. कृष्ण जन्मला देवकीच्या पोटी, वाढला यशोदेच्या मांडीवर, आणि खरं म्हणजे सांभाळला अख्ख्या गोकुळानं. बाळ पहिल्यांदा कुशीवर वळलं तर यशोदेनं गवळणींना बोलावून सोहळा केला. नुसतं वळलं म्हणून! नामकरण मात्र कंसाच्या भीतीनं गुपचूप करावं लागलं. गर्गाचार्यांनी ते नंदाच्या गोठ्यात केलं. माती खाल्ल्याची बातमी यशोदेला दिली बलरामानं आणि सवंगड्यांनी. आणि गवळणींची गाऱ्हाणी तर तुम्हाला मी काय सांगायची. वासरं सोडली, लोणी चोरलं, माकडांना वाटलं, मडकी फोडली. यशोदा ऐकून घेई आणि हसे, त्या घाबरलेल्या डोळ्यांकडे बघून तिला रागवावंसं वाटत नसे. पण तिनं एकाही गवळणीला ‘माझ्या मुलाबद्दल बोलणारी तू कोण’ असं विचारलं नाही.

आपण विचारतो हो. परवाच आमच्या कॉलनीत एका आजोबांनी कुणाच्या तरी मुलाला गाडीवर ओरखडे काढताना पाहिलं आणि घरी सांगितलं, तर त्या आईनं कॉलनीचा ग्रुपच सोडला. गाऱ्हाणं घेऊन येणारा माणूस म्हणजे आपल्या मुलाकडे बघणारे आणखी दोन डोळे. ते डोळे आपणच मिटवतो आणि मग म्हणतो, हल्ली शेजार राहिला नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते.

हे सगळे टप्पे ओळीनं मांडून पाहिले तर एक गोष्ट दिसते. पाचवी, बारसं, उष्टावण, जावळ, कान टोचणं, बोरन्हाण, दसऱ्याचं पाटीपूजन, सगळी गर्दी पहिल्या पाच वर्षांत. आठव्या वर्षी मुंज. आणि मग एकदम लग्न! मधली पंधरा-वीस वर्षं रिकामी. ज्या वयात आवाज फुटतो, अंगावर मुरमं येतात, दार आतून लागायला लागतं, त्या वयासाठी आपल्या घरांत एकही पाट मांडला जात नाही.

मूळ शास्त्रात असं नव्हतं. सोळा संस्कारांत केशांत आहे, तो सोळाव्या वर्षी. शिक्षण संपवून घरी परतताना समावर्तन, ज्याला आपण सोडमुंज म्हणतो. आणि मुंज म्हणजे तरी काय, मुलाला दुसऱ्या घरी, गुरुगृही नेऊन सोडणं. केशांत आपण विसरलो आणि सोडमुंज भटजी लग्नाच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांत उरकतात. मुलींच्या वाट्याला तर मुळातच कमी. रामबागेत आम्ही वाड्यात राहत होतो. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई माहेरी गेली होती. वाड्यातल्या काकूंनी मला जवळ घेऊन सगळं समजावलं, गरम दूध दिलं आणि आईला काय सांगायचं तेही सांगितलं. त्या काळच्या शिवाशिवीचं मी मुळीच कौतुक करत नाही, ती गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर काकूही गेल्या.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगण्याआधी त्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारलं आहे. दोघांनी ‘लिहा’ म्हटलं म्हणून लिहिते.

आपल्या केंद्रात आरतीला झांजा वाजवणारा एक मुलगा होता. लहानपणापासून यायचा. दहावीत असताना, सहामाही झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत मी त्याला विचारलं, “गणितात किती?” तो हळूच काहीतरी म्हणाला. मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, “अरे, बाबांचे कष्ट तरी बघ.” माझ्या मते ते प्रेमच होतं. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, क्लास असतो. पाच महिने आपल्यापैकी कुणीही त्या मुलाला स्वतःला फोन केला नाही. मीही नाही.

मे महिन्यात निकाल लागला. गणितात राहिला. संध्याकाळी मोबाइल घरी ठेवून तो बाहेर पडला तो रात्री साडेनऊपर्यंत परतला नाही. आईचा मला फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. ग्रुपवर निरोप टाकला, आपले सात-आठ गुरुबंधू स्कूटर घेऊन निघाले. कुणी राजवाड्याकडे, कुणी सरवटे बसस्टँडवर, कुणी रेल्वे स्टेशनवर. मी महाराजांच्या फोटोसमोर बसले. हातात माळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. माझंच वाक्य कानात वाजत होतं.

पावणेअकराला पेटीवाल्या काकांचा फोन आला. जुने लोक त्यांना ओळखतात, हार्मोनियम दुरुस्त करतात, केंद्रात मागे भिंतीला टेकून बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे ग्रुपवरचा निरोप त्यांना कळलाच नव्हता. म्हणाले, “तो माझ्याकडे आहे. जेवलाय. आत्ता त्यानंच आईला फोन केला, मग म्हटलं तुम्हालाही कळवावं.”

नंतर समजलं, तो गेले पाच महिने त्यांच्याकडे जात होता. आपण समजत होतो क्लासला आहे, आणि हा तिथे भात्याला कापड चिकटवत होता, सूर साफ करत होता. त्या संध्याकाळी तो गेला तेव्हा काकांनी काही विचारलं नाही. वरणभात वाढला. दहा वाजून गेल्यावर एवढंच म्हणाले, आईला फोन तू करतोस की मी करू?

मी काकांना जाऊन विचारलं, तुम्ही त्याच्याशी बोलता तरी काय? ते म्हणाले, “काही नाही. तो पट्टी धरतो, मी स्क्रू पिळतो.”

घरी येऊन भागवताचा दशम स्कंध काढला. आपल्यापासून तासाभरावर उज्जैनला सांदीपनींचा आश्रम आहे, आपण कितीदा गेलो असू. मथुरेत मुंज झाल्यावर कृष्ण-बलराम तिथे शिकायला आले. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले हे आपण मुलांना कौतुकानं सांगतो. म्हणजे तिथेही आपल्याला टक्केच आठवतात! त्याच आश्रमातली दुसरी गोष्ट आहे, ती कृष्ण पुढे द्वारकेत सुदाम्याला स्वतः आठवण करून देतो. गुरुपत्नीनं दोघांना सरपण आणायला रानात धाडलं. अवेळी वादळ आलं, पाऊस कोसळला, सगळीकडे पाणीच पाणी, अंधारात वाट दिसेना. रात्रभर दोघं एकमेकांचा हात धरून रानात भटकत राहिले. आणि सूर्य उगवताच त्यांना शोधायला कोण निघालं? स्वतः सांदीपनी. उशीर का केलात, लाकडं कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्यासाठी केवढे कष्ट सोसलेत, असं म्हणून आशीर्वाद दिला.

तेव्हा नंद-यशोदा गोकुळात, वसुदेव-देवकी मथुरेत. दोन-दोन आईबाप असलेला मुलगा त्या रात्री रानात होता आणि त्याला शोधायला निघाला तिसराच माणूस. इतकी वर्षं ही गोष्ट मी गुरुभक्तीची म्हणून सांगत आले. यंदा पहिल्यांदा ती मला गुरूच्या बाजूनं वाचता आली.

तर आमच्या केंद्रात आम्ही असं ठरवलं आहे. आठवी ते बारावीतली आमची मुलं सात आहेत. प्रत्येकाला आपल्या केंद्रातलं एक मोठं माणूस, नात्यातलं नसलेलं. निवड मुलांनीच करायची. मुलीला शक्यतो ताई किंवा मावशी. पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं, काहीतरी हातानं करायचं. हार तयार करणं असेल, सायकलचं पंक्चर असेल, पुरण वाटणं असेल. टक्के विचारायचे नाहीत. आणि आजच्या काळात हेही स्पष्ट लिहायला हवं की भेट उघड्या जागी, दार उघडं ठेवून आणि घरी सांगून.

एका आईनं बैठकीत विचारलं, “म्हणजे माझं मूल माझ्याशी बोलायचं सोडून परक्याशी बोलणार?” तिचं दुखणं मला कळतं. माझी मुलगी सगळं आधी तिच्या आत्याला सांगायची आणि मी दोन वर्षं नणंदेशी नीट बोलत नव्हते. तर आमचं ठरलं ते असं: मुलानं सांगितलेलं घरी पोचवायचं नाही, पण त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं वाटलं तर त्याच दिवशी, त्या मुलाला सांगून, आईबाबांना कळवायचं. तरी ती ताई पूर्ण राजी नाही. तिच्यासाठी घाई नाही.

बेळगाव, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेरच्या केंद्रांत असं कुणी आधीपासून करत असेल तर जरूर कळवा. विशेषतः बारावीनंतर मुलं पुण्या-बंगळूरला जातात तेव्हा तिथल्या केंद्रातलं कुणी त्यांना भेटू शकेल का, हे आम्हाला अजून सुचलेलं नाही.

तो मुलगा पुरवणी परीक्षा देऊन अकरावीत गेला. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो नुसता “ठीक आहे काकू” म्हणाला आणि पायाकडे बघत राहिला. गुरुवारी तो येतो, पण आरतीच्या अर्धा तास आधी. पेटीचा भाता तपासतो, एखादा सूर अडकत असेल तर सोडवतो, आणि माणसं यायला लागली की मागच्या दारानं निघून जातो. परवा मी प्रसादाचा द्रोण पेटीवर आधीच ठेवून दिला होता. घेऊन गेला.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏