शून्य कुठून धरायचं?

लांब पल्ल्याची रायफल हाती आली की नेमबाज आधी ती ‘झीरो’ करतो. शंभर मीटरवर तीन-चार गोळ्या झाडायच्या, छिद्रांचा पुंजका केंद्रापासून किती सरकलाय ते बघायचं आणि स्कोपची घुंडी तेवढे क्लिक फिरवायची. एक क्लिक बहुधा पाव कलेचा. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर ती २.९ सेंटिमीटर भरते, हजार मीटरवर २९. एकाच गोळीवरून घुंडी फिरवणारा नवशिका स्वतःच्या हाताची थरथर रायफलीच्या माथी मारतो.

हे गणित जुनंच आहे. आर्यभटाच्या ज्या-सारणीत, म्हणजे साइनच्या कोष्टकात, त्रिज्या ३४३८ कला धरली आहे. म्हणजे ३४३८ हातांवरची हातभर वस्तू एका कलेएवढी दिसते.

उज्जैनच्या माधवनगरातून शिप्रेकडे गेलं की सवाई जयसिंगांची वेधशाळा लागते. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने ती सांभाळली. तिथलं कामही नेमबाजासारखंच: वेध घ्यायचा, फरक मोजायचा, गणित सुधारायचं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनीही शके १४४२ च्या ‘ग्रहलाघवा’त तेच केलं होतं. ग्रह चुकला तर आकाश चूक दाखवतं.

राशिचक्राचं शून्य मात्र आकाश दाखवत नाही, आणि मराठी पंचांगांचा सगळा वाद तिथेच अडला. टिळकांनी रेवतीचा तारा धरला, पंचांगकर्ते केतकरांनी चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू. अंतर सुमारे चार अंशांचं. नेमबाजाच्या हिशोबात ९६० क्लिक! गंमत अशी की तिथी दोन्हीकडे तीच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की तिथी बदलते, आणि वजाबाकीत शून्य आपोआप उडून जातं. संक्रांतीला आणि म्हणून अधिक मासाला मात्र शून्य लागतंच. त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतात.

मग खरे गणपती कुणाचे? दोन्ही पक्षांनी दृक्प्रत्ययाची, डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याची साक्ष काढली. पण ही साक्ष ग्रहांपुरती चालते, शून्यापुढे तिचा अधिकार संपतो. नेमबाजाकडे चूक दाखवायला कागदावरचं छिद्र असतं. ‘चुकीच्या’ महिन्यात केलेल्या पूजेचं छिद्र कुणी पाहिलंय? इथे प्रमाण उरतं ते परंपरेचं नाहीतर एकमताचं, आणि तसं कबूल करण्यात धर्माला कमीपणा येत नाही.

केंद्र सरकारने १९५२ मध्ये पंचांगसुधारणेसाठी मेघनाद साहांची समिती नेमली, तेव्हा उज्जैनच्या माधव कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक र. वि. वैद्यही तीत होते. समितीने केतकरांच्या चित्रापक्षाजवळचा अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या शून्याचं अंतर, घेतला. गणितासाठी मध्यस्थान ठरवलं ते अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचा, आणि रेखांश साडेब्याऐंशी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचा. हा बिंदू उज्जैनच्या बराच पूर्वेला पडतो. त्यामुळे तिथल्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावर, सावलीची वेळ वाचली की घड्याळाशी जुळवायला तीत सुमारे २७ मिनिटं मिळवावी लागतात, शिवाय तारखेप्रमाणे थोडी कमी-जास्त.