घरची शाळा व गावची शाळा

चार घरांनी मिळून संध्याकाळी मुलांचा वर्ग चालविला, तर दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलास तेथे पुन्हा बसवावे काय, याचा विचार आम्ही येथे करितो.

शाळा सोडावी असे कोणी म्हणू नये. इ. स. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ज्यांच्या वाडवडिलांस शाळेच्या दाराशीही उभे राहू देत नसत, त्यांनी तो हलका लेखू नये. तथापि घरच्या शिक्षणाची थोरवीही मोठी आहे. पंडिता रमाबाईंस संस्कृत विद्या आईने शिकविली. नागपुरात शाळा चालविणारे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप वर्गाबाहेर रानोमाळ हिंडून खडक व जीवाश्म गोळा करीत. १८६३ साली ते निवर्तले, तरी एका खनिजास त्यांचे नाव आहे.

मग तोल कसा साधावा? शाळेतील धडेच रात्री घोकविणे म्हणजे भरल्या पोटी दुसरे ताट वाढणे होय. दिव्यापुढे पेंगणाऱ्या एका मुलाचा कान आम्ही एकदा धरिला. तो पहाटेपासून आईबरोबर पाणी भरीत होता, हे मागाहून समजले, तेव्हा लाज वाटली. म्हणून शाळेत जे मिळत नाही तेवढेच घरी द्यावे: बियाण्याची ओळख, मोठ्याने वाचन, हातास काम, आजीची गोष्ट. आठवड्यास दोन संध्याकाळ पुरेत. बाकीच्या खेळास असोत.

बंधुभगिनींनो, वर्ग मुलाच्या हिताकरिता आहे की आपल्या मोठेपणाकरिता, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. लेकरू ही आपणांजवळची ठेव आहे. तिचा हिशेब द्यावयाचा आहे.