वैमानिकाचा हुद्दा

महाभारताच्या आदिपर्वांत कौरव-पांडवांच्या अस्त्रपरीक्षेचा प्रसंग आहे. अर्जुनानें जें जें करून दाखविलें तें तें कर्णानेंहि करून दाखविलें आणि त्यास द्वंद्वाचें आव्हान दिलें. तेव्हां कृपाचार्यांनीं त्याला त्याचें कुल विचारलें. राजपुत्र वाटेल त्याच्याशीं लढत नाहींत, हा त्या विचारण्याचा आशय. दुर्योधनानें तेथल्या तेथें कर्णाला अंगदेशाचा अभिषेक करून ती अडचण दूर केली. हा प्रसंग वाचतांना एक शंका आमच्या मनांत नेहमीं येते. अभिषेकापूर्वीं कर्णाच्या बाणांत जें सामर्थ्य होतें त्यांत त्या मंत्रोदकानें कितीशी भर पडली? कांहींच नाहीं, असें उत्तर चटकन् येतें. मग अभिषेकानें बदललें तें काय? हें सांगणें मात्र तितकें सोपें नाहीं.

आजच्या सैन्यांत अभिषेकाची जागा कमिशननें घेतली आहे, आणि कर्णाच्या वेळची शंका तेथें एका नव्या रूपानें उभी राहते. लढाऊ विमान चालविणारा वैमानिक व त्याचे विमानांतील सोबती हे कमिशन मिळालेले अधिकारीच असले पाहिजेत काय? प्रश्न वरवर पाहतां सैनिकी कारभाराचा दिसतो. परंतु कौशल्य, अधिकार आणि मान यांचा परस्परसंबंध काय, हा नीतिशास्त्रांतील जुना वाद त्याच्या पोटांत आहे. म्हणूनच आम्हांसारख्या पुस्तकी मनुष्यानें त्यांत पडण्याचें धाडस केलें आहे.

आपल्या देशाच्या विमानदलांत आज याचें उत्तर ठरलेलें आहे. वैमानिक हा अधिकारीच असतो; मालवाहू विमानांत व हेलिकॉप्टरांत यंत्रांकडे किंवा बंदुकीकडे पाहणारे मात्र त्या दर्जाचे नसतात. पण रूढि म्हणजे प्रमाण नव्हे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटनच्या उड्डाणदलांत सार्जंट वैमानिक होते. जेम्स मॅककडन हा सैन्यांत बिगुल वाजविणारा पोऱ्या म्हणून शिरला, पुढें विमानांचा मिस्त्री झाला, १९१६ सालीं सार्जंट असतांना वैमानिक झाला, मग अधिकारी झाला आणि १९१८ सालीं व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. थॉमस मॉटरशेड याला अधिकारपद लाभलेंच नाहीं. ७ जानेवारी १९१७ रोजीं शत्रूच्या गोळ्यांनीं त्याच्या विमानाची इंधनाची टाकी फुटून भडका उडाला. अंगाभोंवतीं ज्वाळा असतां त्यानें विमान आपल्या हद्दींत आणून उतरविलें व बरोबरच्या निरीक्षकाचा जीव वांचविला. पांच दिवसांनीं तो स्वतः मरण पावला. वांचलेला निरीक्षक लेफ्टनंट होता, वांचविणारा सार्जंट!

पुढें १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांत जो निर्वाणीचा संग्राम झाला, त्यांतील वैमानिकांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा सार्जंटांचा होता. त्यांतच पोलिश पथकांत लढणारा योसेफ फ्रांतिशेक नांवाचा चेक सार्जंट होता. त्यानें महिन्याभरांत शत्रूचीं सतरा विमानें पाडलीं. इतका पुरावा हातीं असतां, विमान चालविण्यास कमिशन लागतें असें म्हणणें म्हणजे पोहण्यास सनद लागते असें म्हणण्यासारखें आहे.

परंतु प्रतिपक्षाचें म्हणणें याहून खोल आहे, आणि आम्ही तें हलकें मानीत नाहीं. ते म्हणतात: कमिशन हें कौशल्याचें प्रशस्तिपत्र नव्हे आणि शौर्याचें बक्षीसहि नव्हे. दुसऱ्यांना आज्ञा करण्याचा, प्रसंगीं त्यांना मरणाच्या तोंडीं धाडण्याचा, तो अधिकार आहे. ज्याच्या अंगीं नेतृत्व आहे त्यालाच तो द्यावा. उत्तम उडतो म्हणून सर्वांना वांटला, तर त्याचा अर्थच नष्ट होईल. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडा आणि ब्रिटन यांच्यांत नेमका हाच वाद झाला. १९४२ सालीं ओटावा येथें भरलेल्या परिषदेंत कॅनडानें आग्रह धरला कीं, एकाच विमानांतून एकच संकट सोसून परतणाऱ्यांपैकीं एकानें अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत जावें व दुसऱ्यानें सार्जंटांच्या, हें न्यायाला धरून नाहीं. ब्रिटननें उत्तर दिलें कीं, कमिशन कामाला नसतें, गुणाला असतें.

दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि दोघेहि ‘कमिशन’ या एकाच शब्दानें निरनिराळ्या गोष्टी बोलत आहेत, असें आम्हांस वाटतें. त्या शब्दांत तीन धागे एकत्र वळले गेले आहेत. पहिला आज्ञा करण्याचा अधिकार, दुसरा राष्ट्रानें टाकलेला विश्वास, आणि तिसरा मान व सुखसोई. हे सुटे करून पाहिले म्हणजे वादाचें स्वरूप पालटतें.

अधिकाराचा धागा आकाशांत हुद्द्याला बांधलेला नव्हताच. ब्रिटनच्या बाँबफेक्या विमानांत वैमानिक हाच कप्तान असे, मग त्याचा हुद्दा कांहींहि असो. सार्जंट वैमानिकाच्या विमानांत दिशा दाखविणारा सोबती अधिकारी असला, तरी उड्डाण चालू असेपर्यंत शब्द सार्जंटाचाच. जमिनीला चाकें टेकलीं, खालीं उतरले, कीं त्यानेंच त्या सोबत्याला सलाम करावयाचा! म्हणजे जेथें चुकीची किंमत प्राणांनीं मोजावी लागे तेथें कर्तबगारीला मान होता, आणि जेथें फार तर सूप निवण्याची भीति तेथें हुद्द्याला. शत्रूच्या हातीं सांपडल्यावर तर हा भेद अधिकच बोंचे. १९२९ च्या जिनीव्हा करारान्वयें कैदेंतील अधिकाऱ्याकडून सक्तीनें काम घेतां येत नसे, सार्जंटाला देखरेखीचें काम देतां येई, आणि साध्या सैनिकाला राबवितां येई. एकाच जळत्या विमानांतून उड्या टाकलेल्यांचे मार्ग तुरुंगाच्या दारांत असे फुटत.

विश्वासाचा धागा अधिक नाजूक आहे. वैमानिक वरिष्ठांच्या नजरेपासून शेंकडों मैल दूर असतो. त्याच्या बोटाखालीं एखादें शहर असूं शकतें. अशा मनुष्याचा विवेक राष्ट्रानें पारखून घेतला पाहिजे, हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. अमेरिकेच्या विमानदलानें २०१७ च्या सुमारास अधिकारी नसलेल्या सैनिकांना दूरनियंत्रित विमानें चालविण्यास शिकविलें, पण टेहळणीचीं, शस्त्रें नसलेलीं. शस्त्रधारी विमानें अधिकाऱ्यांकडेच राखलीं. संहाराचा निर्णय कमिशनखेरीज नको, हीच कल्पना त्यामागें दिसते. कल्पना उदात्त आहे. परंतु विवेक आणि कमिशन हीं एकच नव्हेत. ब्रिटनच्या भूसेनेंत सार्जंट हे अपाची जातीचीं शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरें चालवीत आले आहेत, आणि त्यामुळें तेथें विवेकाचा लोप झाला असें कोणी म्हटलेलें नाहीं. विवेक पारखावा, त्याचें शिक्षणहि द्यावें. पण तो अमुक एका पायरीवरच वास करतो असें धरून चालूं नये. ही पायरी एके काळीं वर्णावरून ठरत असे, हें आपण भारतीयांनीं तरी विसरतां कामा नये. १९१७ पर्यंत ब्रिटिश राजाचें लढाऊ कमिशन भारतीयांना बहुधा बंदच होतें. त्या अडसरांतून जे अगदीं थोडे पार पडून त्या युद्धांत आकाशांत गेले त्यांत इंद्रलाल रॉय होते आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकरहि होते. दोघेहि १९१८ सालीं कामीं आले. त्यांच्या अंगचा विवेक १९१७ पूर्वीं निजलेला होता काय?

राहिला मानाचा धागा, आणि आमच्या मतें सगळ्या वादाचें मर्म येथेंच आहे. १२ मे १९४० रोजीं मास्ट्रिक्टजवळ आल्बर्ट कालव्यावरील दोन पुलांवर पांच ब्रिटिश विमानें चालून गेलीं. जर्मन सैन्य त्या पुलांवरून बेल्जममध्यें घुसत होतें. कामगिरी स्वेच्छेची होती आणि परत येण्याची आशा जवळजवळ नव्हती. पुढच्या विमानांत तिघे होते: वैमानिक फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गार्लंड, निरीक्षक सार्जंट थॉमस ग्रे, आणि मागच्या बंदुकीवर साधा सैनिक लॉरेन्स रेनॉल्ड्स, वय वर्षें वीस. विमान पडलें, तिघेहि गेले. गार्लंड व ग्रे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; रेनॉल्ड्स याला कांहींच मिळालें नाहीं. तो निर्णय घेण्याच्या जागीं नव्हता, असें त्याचें कारण सांगण्यांत येतें. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटननें विमानांत लढणाऱ्या प्रत्येकाला निदान सार्जंटाचा हुद्दा देण्याचें ठरविलें. रेनॉल्ड्सला तो पंधरवड्यानें चुकला.

हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेंतील प्रयोगशाळेची आठवण झाली. तेथें एक वृद्ध गडी होता. तराजूचा कांटा कां अडतो आणि कोणत्या बाटलीचें बूच कसें काढावें, हें शिक्षकहि त्यालाच विचारीत. एके दिवशीं आम्लाची बाटली फुटली तेव्हां आम्हां पोरांना मागें सारून तोच पुढें झाला. वर्षअखेरचें छायाचित्र अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यांत तो नाहीं. कोणी त्याला मज्जाव केला नव्हता. त्याला बोलवावें हें कोणाला सुचलेंच नाहीं; आम्हांसहि नाहीं.

तेव्हां आमचें उत्तर असें. वैमानिक अधिकारी असलाच पाहिजे असें नाहीं. उडण्याला कौशल्य लागतें, आणि आकाशांतील अधिकार त्या कौशल्याच्या मागोमाग येतो. सर्वांना सरसकट अधिकारी करावें असेंहि नाहीं. आज्ञेचा अधिकार खिरापतीसारखा वांटूं नये, हें ब्रिटनचें म्हणणें रास्त आहे. पण आज्ञा हा एक वांटा आहे आणि मान हा दुसरा. पहिला पात्रतेप्रमाणें कमीअधिक देतां येईल. दुसरा मात्र, ज्यांच्याकडून आपण मरणाचा सारखा वांटा मागितला त्यांना कमीअधिक देतां येणार नाहीं. ‘त्यानें निर्णय घेतला नाहीं’ हें कारण तर मुळींच टिकत नाहीं. त्या विमानांत चढणें हाच निर्णय होता, आणि तो तिघांनींहि घेतला.

ते तिघे बेल्जममधील हेव्हरली येथील युद्धस्मशानांत विसावले आहेत. त्या स्मशानांचा नियम असा कीं, हुद्दा पाहून दगड लहानमोठा करावयाचा नाहीं. सेनापति असो कीं शिपाई, माप एकच. हा नियम घालणाऱ्यांनीं आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे. उरलेलें अर्धें त्या दगडांवर पाहण्यास मिळतें: दोहोंवर व्हिक्टोरिया क्रॉसची खूण आहे, तिसऱ्यावर नाहीं.