माळ घालणाऱ्याचा हिशेब

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी सज्जनहो, आषाढी एकादशीला आपण चंद्रभागेत स्नान करून पांडुरंगापुढे लोटांगण घालतो. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. तीच गुरुपौर्णिमा. एकादशीला आम्ही कीर्तनकार मंडळी देवाच्या पाया पडतो आणि चारच दिवसांनी लोक आमच्या पाया पडतात. या चार दिवसांत आमच्यात असा काय फरक पडला, हा प्रश्न फार वर्षे आम्हाला कधी पडला नाही. तो पाडला इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या एका बाईने. शिष्याने गुरूशी कसे वागावे, यावर आजवर पुष्कळ निरूपण झाले आहे. आज गुरूच्या जागेवर बसणाऱ्याने कसे वागावे, याचे थोडे चिंतन करू. बोलणार आम्हीच आणि ऐकणार प्रथम आम्हीच, असा हा प्रकार आहे.

कळसला अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. कीर्तन संपले, लाह्यादह्याचा प्रसाद वाटला, आणि मंडपात दर्शनाची रांग लागली. आम्ही गादीजवळ उभे. एकेक जण येतो, पायाला हात लावतो, आम्हीही वाकतो, रीतीप्रमाणे चालले होते. एवढ्यात एक बाई पुढे आली. ती वाकली नाही. पदराची गाठ सोडून तिने एक तुळशीची माळ काढली आणि आमच्या हातावर ठेवली.

आम्ही विचारले, "कोणाची माळ, बाई?"

"माझ्या मालकाची. तुमीच घातली हुती, ह्याच मंडपात. सात वर्सं झाली. आता तुमच्यापाशी ठिवा."

"असं का म्हणता?"

"दोन वर्सं पाळली त्यांनी. वारीबी केली. मग बाटलीच्या नादी लागले. माळ काढून खुंटीला अडकवली. महाराज, कर्ज घेतलं हुतं, तो सावकार दर म्हैन्याला इचारायला येतो. माळ घालणारं येकदाबी आलं न्हाई."

सज्जनहो, आम्ही काशीच्या परंपरेतल्या शास्त्रीबुवांपाशी व्याकरण घोकले, न्यायाचे चार ग्रंथ वाचले, पण या वाक्याला उत्तर आमच्यापाशी नव्हते. तिच्या मालकाचे नाव आम्हाला आठवत नव्हते. आठवणार कसे? त्या दिवशी तीस-चाळीस जणांनी माळ घेतली होती, ज्ञानेश्वरीवर ठेवून एकेक उचलायची आणि गळ्यात घालायची, एवढेच आम्ही केले. नाव विचारलेच नव्हते. मद्यमांस वर्ज्य करा, परस्त्री मातेसमान माना, एकादशी धरा, हरिपाठ म्हणा, वर्षाची वारी चुकवू नका, असे नियम त्याला सांगितले. माळ तुटली तर ओवून होईपर्यंत अन्न घेऊ नये, हेही सांगितले. पण माळकरीच तुटला तर माळ घालणाऱ्याने काय करावे, हा नियम आम्ही स्वतःला कधी सांगितला नव्हता.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. 'गुरु' या शब्दाचा साधा अर्थ जड, वजनदार. त्याच्या उलट लघु. छंदशास्त्र शिकताना लहानपणी एक नियम पाठ केला होता. अक्षर मुळात लघु असले, तरी त्याच्या पुढे जोडाक्षर आले की ते गुरु होते. 'सत्य' या शब्दातला 'स' पाहा. एकटा असतो तेव्हा लघु. पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर आला, म्हणून तो गुरु झाला. हा नियम आम्ही पन्नास वर्षे वृत्तांच्या मात्रा मोजायला वापरला, त्याचा अर्थ मात्र कळसच्या मंडपात उमगला. गुरूचे गुरुत्व त्याच्या अंगचे नसते. मागून येणाऱ्याचा भार त्याने घेतला, म्हणून त्याला गुरु म्हणायचे. भार न घेता जो स्वतःला गुरु म्हणवतो, त्याची मात्रा चुकली.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत आचार्योपासना, म्हणजे गुरुसेवा, हे लक्षण आहे, आणि माउलींनी त्यावर ज्ञानेश्वरीत असे भरभरून लिहिले आहे की वाचताना कंठ दाटून येतो. आम्ही बुवा लोक तो भाग कीर्तनात आवडीने लावतो. पण क्रम पाहा. आचार्योपासना सहावी आली आहे. पहिले लक्षण अमानित्व, मग अदंभित्व, अहिंसा, क्षांती आणि आर्जव. मान नको, ढोंग नको, कोणाला दुखवणे नको, सहन करणे हवे, सरळपणा हवा. या पाच पायऱ्या झाल्यावर गुरुसेवेचे नाव. ज्याची सेवा व्हायची तोही कधीकाळी शिष्य होताच ना? मग या पाच पायऱ्या त्यालाही चढाव्या लागल्याच असणार. पहिलीच पायरी चुकवून सहावीवर जाऊन बसलेला गुरु पडायचाच, आणि पडताना खाली उभ्या असलेल्या शिष्यांच्या अंगावर पडायचा.

दुसरे असे की, चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे उपाय तीन सांगितले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार करावा, प्रश्न विचारावा, सेवा करावी. आम्ही काय केले? पहिला ठेवला, तिसरा ठेवला, मधला गाळला. नमस्कार हवा, सेवा हवी, प्रश्न मात्र नको. कोणी शंका काढली की "श्रद्धा नाही" म्हणून त्याला गप्प बसवायचे. अर्जुनाने किती प्रश्न विचारले! भगवंत एकदाही त्याच्यावर "विचारतोस काय" म्हणून डाफरले नाहीत. उलट सगळे सांगून झाल्यावर, आता याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, अशी मोकळीक दिली. भगवंताला शिष्याच्या प्रश्नाचे भय वाटले नाही, मग आम्हाला का वाटावे?

आता आपल्या परंपरेकडे वळू. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, ही माळ आपण नित्य उच्चारतो. निवृत्तिनाथ हे ज्ञानोबारायांचे थोरले बंधू आणि गुरु. शके १२१२ त, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. माउलींनी पदोपदी श्रेय निवृत्तिनाथांना दिले. निवृत्तिनाथांनी काय केले? ते मागे राहिले. शिष्य साऱ्या जगाची माउली झाला, आणि गुरूने त्याला सावलीसारखी सोबत केली. मनुष्याने सगळीकडे विजय इच्छावा, पण शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा, असे संस्कृतात एक जुने म्हणणे आहे. ते पाहायचे असेल तर निवृत्तिनाथांकडे पाहावे. शिष्याचे कीर्तन आपल्यापेक्षा रंगले की ज्याचा चेहरा उतरतो, त्याने त्र्यंबकेश्वरी जाऊन त्या समाधीपुढे थोडा वेळ बसावे.

एकनाथ महाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथांनी रात्रभर बसून ती शोधली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लावलेस तर! ही कथा आम्ही चित्ताच्या एकाग्रतेसाठी सांगतो. ती जबाबदारीचीही आहे. पुढे याच नाथांनी शके १५०६ त, म्हणजे सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पैची चूक शोधणारी तीच नजर ग्रंथावर फिरली. नाथ स्वतः थोर कवी, पण त्यांनी त्यात आपली एक ओवी मिसळली नाही, आणि पुढे कोणी मिसळू नये म्हणून बजावूनही ठेवले. हाती आलेला ठेवा स्वच्छ करून पुढे द्यायचा, त्यावर आपला शिक्का उठवायचा नाही, हे आचार्याचे काम. त्यांच्या नाममुद्रेत सुद्धा जनार्दन सुटत नाही.

तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात अनुग्रह दिला, माघ शुद्ध दशमी, गुरुवारी. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, अशी परंपरा तुकोबांनी स्वतः सांगितली आहे. स्वप्नात गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, ते द्यायचे राहून गेले, याची खंत त्यांनी अभंगात नोंदवून ठेवली. पावशेर तुपाचा हिशेब! पण स्वतः गुरु होण्याची वेळ आली तेव्हा तुकोबा शिष्य जमवण्याच्या नादी लागले नाहीत. जिथे कीर्तन करावे तिथले अन्न घेऊ नये, हार-बुक्का घेऊ नये, जनावराचा चारा सुद्धा मागू नये, इथपर्यंत त्यांनी कीर्तनकाराला बांधून घातले. तरी शिष्य आले. शिऊरच्या बहिणाबाई आल्या, छळणारे रामेश्वर भट्ट आले, आणि पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरचे निळोबा तर तुकोबांनी देह ठेवल्यावर आले. ज्याने धरून ठेवले नाही, त्याच्याकडे लोक मागूनही येत राहिले.

अलीकडच्या काळातले सांगायचे तर विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला संस्था काढली. तिला आपले नाव दिले नाही. वारकरी शिक्षण संस्था, एवढेच. बंकटस्वामी, मामासाहेब दांडेकर यांच्यासारखी माणसे त्यांच्या हाताखाली तयार झाली. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी ज्यांनी देह ठेवला ते गाडगेबाबा! मी कोणाचा गुरु नाही, माझा कोणी शिष्य नाही, असे ते स्वच्छ सांगत. कोणाला पाया पडू देत नसत. ज्या गावात कीर्तन, त्या गावाचे रस्ते आधी झाडून काढत. आम्ही झाडलेल्या रस्त्यावरून मंडपात येतो, हा फरक लक्षात ठेवावा.

आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. लहान थोराच्या पडतो तसा थोरही लहानाच्या पडतो. ही रीत कोण्या बुवाच्या सन्मानासाठी निघालेली नाही. उलट सन्मान एकाच ठिकाणी साचू नये म्हणून आहे. पण सवयीने तीही कोरडी होते. आम्ही वाकत होतो, पण ज्याच्यापुढे वाकलो त्याचे तोंड पाहत नव्हतो.

असो. कळसच्या बाईचे पुढे काय झाले, ते सांगून सेवा संपवू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. मालक घरातच होता, बाहेर येईना. आम्ही अंगणात लिंबाखाली बसून राहिलो. उन्हं वर आली तेव्हा तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "महाराज, कुठल्या तोंडानं येऊ?" आम्ही म्हणालो, "आम्ही ज्या तोंडाने आलो त्याच. नाव विचारायचं राहिलं होतं, ते विचारायला आलो." त्याने नाव सांगितले. उपदेश केला नाही, तो मंडपात पुष्कळ झाला होता. माळ त्याच्या गळ्यात घातली नाही, घरच्या देव्हाऱ्यात ठेवली.

त्यानंतर वर्षभर वद्य एकादशीला आम्ही जात राहिलो. तो पुरता सुटला असे म्हणवत नाही. मध्ये दोनदा घसरला. पण गेल्या आषाढीला तुकोबारायांची पालखी निमगाव केतकीला आली, तेव्हा तो बायकोला घेऊन पादुकांच्या दर्शनाला गेला आणि शुद्धीत घरी आला. माळ अजून देव्हाऱ्यात आहे. ती गळ्यात केव्हा जायची ते पांडुरंगाला ठाऊक, आणि घालायची की नाही ते त्याने स्वतः ठरवायचे.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. माळ मागणाऱ्याला आधी एक वारी करायला सांगतो. मग नाव, गाव लिहून घेतो. त्या बाजूला सेवा निघाली की चौकशी करतो. आमच्याने होत नाही तिथे गावच्या जुन्या माळकऱ्याला सांगून ठेवतो. एका वेळी चाळीस माळा आता घालत नाही. जेवढ्यांचा भार उचलेल तेवढ्यांनाच. वहीत पहिले नाव आमचे स्वतःचे लिहिले आहे, कारण चौकशी आमचीही व्हायला हवी.

पंढरीत गर्दीमुळे राउळात जाता आले नाही, तर वारकरी दोन ठिकाणी दर्शन घेऊन परततो: वर कळस आणि खाली नामदेवांची पायरी. ज्या नामदेवांशी देव बोलत असे, त्यांना गोरोबाकाकांनी कच्चे ठरवले, तरी ते रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांना शरण गेले. त्याच नामदेवांनी सन १३५० मध्ये महाद्वारी समाधी घेतली, भक्तांचे पाय लागावेत म्हणून पायरीची जागा मागितली. आज त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, सगळे डोके टेकवतात. कळस व्हावेसे सर्वांनाच वाटते. गुरूने पायरी व्हावे. तिच्यावरून लोक देवाकडे जावेत, पायरीपाशी अडकून राहू नयेत.

या गुरुपौर्णिमेला कोणी आमच्या पाया पडायला आले, तर त्यांनी आधी आपले नाव सांगावे, आणि मग आम्हाला एक प्रश्न अवश्य विचारावा. एवढी भिक्षा संतचरणी मागून सेवा संपवतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!